जोडायला सोपा बोर्ड : यात नवीन काय?



तुमच्यापैकी बरेच जण सध्या पेट, नेट किंवा सेटच्या तयारीत असतील. पीएच.डी.ला प्रवेश मिळाला की एक प्रश्न कायमचा मागे लागतो : "यात नवीन काय?" मला तो मागच्या प्रोग्रेस सेमिनारमध्ये विचारला गेला. तेव्हा माझ्या हातात घरी बनवल्यासारखा दिसणारा एक पिवळट सर्किट बोर्ड होता आणि मला धड उत्तर देता आलं नाही. आजचा लेख म्हणजे ते राहून गेलेलं उत्तर आहे.

आधी त्या बोर्डाची गोष्ट सांगते. मी गॅस सेन्सरवर काम करते. सेन्सरची पातळ फिल्म ठरावीक तापमानाला धरून ठेवावी लागते. त्यासाठी आमच्या लॅबमध्ये एका सिनिअरने बनवलेला टेम्परेचर कंट्रोलर होता. चार वर्षं तो इमानेइतबारे चालला आणि ऐन पावसाळ्यात बंद पडला. सिनिअर केव्हाच परदेशी पोस्टडॉकला गेलेला. त्याच्या थीसिसमध्ये या बोर्डाबद्दल एकच वाक्य सापडलं : तापमान नियंत्रणासाठी प्रयोगशाळेत तयार केलेले उपकरण वापरले. फोन केला तर बिचाऱ्याने आठवेल तेवढं सांगितलं, पण मूळ फाइल जुन्या लॅपटॉपबरोबर गेली होती. बोर्डाच्या दोन्ही बाजूंना ट्रॅक, मधून आरपार घातलेल्या बारीक वायरी, आणि एकाही पार्टजवळ त्याची किंमत लिहिलेली नाही. मल्टीमीटर लावून तो उलगडण्यात माझा दीड महिना गेला.

मग मी तोच कंट्रोलर नव्याने आखला, आणि यावेळी एक अट घातली. माझ्यानंतर येणाऱ्या कुणालाही तो जोडता आला पाहिजे. एम.एस्सी.च्या एका ज्युनियरला पहिली आवृत्ती जोडायला दिली. तिने ट्रान्झिस्टर उलटा बसवला. दुसऱ्या आवृत्तीत दोन पॅड इतके जवळ आले होते की सोल्डरचा पूल झाला. तिसरी आवृत्ती तिने एका दुपारी, मला एकही प्रश्न न विचारता जोडली. हे मी सेमिनारमध्ये आनंदाने सांगितलं, तेव्हा समोरून तो प्रश्न आला. सर्किट तेच, तापमान तेच, मग यात नवीन काय?

याचं उत्तर शोधताना मी सर्किट बोर्डाच्या इतिहासात शिरले. तिथे दिसलं ते असं, की 'जोडायला सोपं करणं' हे शोध लागल्यानंतरचं किरकोळ काम कधीच नव्हतं. छापील सर्किट बोर्ड जन्माला आला तोच जोडणीच्या प्रश्नातून.

जोडणी हाच मूळ प्रश्न

१९३०च्या दशकातल्या रेडिओचं झाकण उघडून पाहिलंत तर आत बोर्ड दिसणार नाही. एका पार्टपासून दुसऱ्यापर्यंत हाताने ओढलेल्या, हाताने सोल्डर केलेल्या वायरींचं जंजाळ दिसेल. कारखान्यांतून हे काम बहुतेक स्त्रिया करत. व्हिएन्नात १९०७ साली जन्मलेले पॉल आइस्लर हे इंजिनिअर १९३६मध्ये इंग्लंडला आले. वायरींऐवजी तांब्याच्या पातळ पत्र्यातून कोरलेले ट्रॅक वापरून त्यांनी रेडिओ बनवला. एका कंपनीने त्यांची कल्पना नाकारली. कारण असं सांगितलं जातं, की हे काम मुली करतात, त्यांची मजुरी स्वस्त पडते आणि त्यांना कामात लवचीकपणाही जास्त असतो. म्हणजे बोर्ड चालतो की नाही हा वादच नव्हता. वाद होता जोडणाऱ्याच्या श्रमाची किंमत किती धरायची याचा.

दुसऱ्या महायुद्धात तोफगोळ्यांच्या प्रॉक्सिमिटी फ्यूजसाठी छापील सर्किटं वापरली गेली आणि कल्पनेला वजन आलं. तरीही पार्ट बोर्डावर बसवण्याचा प्रश्न उरलाच होता. १९४९मध्ये अमेरिकेच्या लष्करातील सिग्नल कोअरच्या मो अब्रामसन आणि स्टॅनिस्लॉस डॅन्को यांनी त्यावर 'ऑटो-सेम्ब्ली' ही पद्धत काढली. पार्टचे पाय भोकांतून खाली काढायचे आणि बोर्डाची तांब्याची बाजू वितळलेल्या सोल्डरमध्ये टेकवायची, की सगळे जोड एकदम. १९५६मध्ये त्यांना पेटंट मिळालं. सर्किटमध्ये इथे काय बदललं? काहीच नाही. बदलली ती जोडायची रीत, आणि ती पेटंट देण्याइतकी नवी ठरली.

ही झाली कारखान्यांची कथा. माझा बोर्ड मात्र घरगुती पद्धतीचा. त्यामुळे मला हौशी लोकांच्या इतिहासातलं उदाहरण हवं होतं. ते सापडलं इटलीत सुरू झालेल्या आणि जगभरच्या घरांत पोचलेल्या एका बोर्डात. तुम्ही तो बहुतेक वापरलाही असेल : आर्डुइनो.

इव्रियातले तीनशे कोरे बोर्ड

इव्रिया हे तुरिनजवळचं गाव ऑलिव्हेट्टीच्या टाइपरायटरसाठी प्रसिद्ध आहे. तिथे २००१मध्ये इंटरॅक्शन डिझाइनची एक संस्था सुरू झाली. विद्यार्थी बहुतेक डिझाइनचे होते, इलेक्ट्रॉनिक्सचे नव्हते. त्यांना शिकवायला जे मायक्रोकंट्रोलर बोर्ड वापरत, त्यावर शंभर डॉलरच्या आसपास खर्च येई. त्याच संस्थेतल्या कोलंबियाच्या एर्नांदो बारागान या विद्यार्थ्याने मास्टर्सच्या प्रबंधासाठी 'वायरिंग' नावाची व्यवस्था तयार केली. त्यात बोर्डही होता आणि त्यासाठी सोपी प्रोग्रॅमिंगची भाषाही. मास्सिमो बान्झी आणि केसी रीस हे त्याचे मार्गदर्शक होते.

२००५मध्ये बान्झी, डेव्हिड क्वार्तिएयेस आणि डेव्हिड मेलिस यांनी वायरिंगच्या पायावर आणखी स्वस्त बोर्ड बनवायला घेतला. टॉम आयगो आणि जियानलुका मार्तिनो हेही या गटात आले. गावातल्या ज्या बारमध्ये त्यांची बैठक जमे, त्याच्या नावावरून बोर्डाला आर्डुइनो हे नाव पडलं. बारला नाव मिळालं होतं अकराव्या शतकातल्या एका राजावरून.

इथे एक तांत्रिक बारकावा पाहा. वायरिंगच्या बोर्डावर एटीमेगा१२८ ही चिप होती. तिला ६४ पाय, तेही बोर्डाच्या पृष्ठभागावर बसणारे, आणि दोन पायांमधलं अंतर ०.८ मिलिमीटर. आर्डुइनोसाठी एटीमेगा८ घेतली. ती २८ पायांच्या जाडजूड रूपातही मिळते. त्यात पायांमधलं अंतर २.५४ मिलिमीटर असतं, पाय भोकांतून खाली जातात आणि चिप सॉकेटमध्ये बसवता-काढता येते. चिप बदलण्यामागे मुख्य कारण किंमत होतं. पण माझ्या मते त्याचा दुसरा परिणामही तितकाच महत्त्वाचा ठरला. आता साधं सोल्डरिंग आयर्न हातात असलेला नवखा माणूसही हा बोर्ड जोडू शकत होता.

या गटाने तीनशे कोरे बोर्ड छापून घेतले, पार्ट न बसवलेले, आणि संस्थेतल्या विद्यार्थ्यांना वाटले. सोबत एवढीच सूचना : जोडणीची माहिती वाचा, आपला बोर्ड आपणच जोडा, आणि त्याचं काहीतरी करून दाखवा. विद्यार्थ्यांनी केलेल्या सुरुवातीच्या वस्तूंपैकी एक होतं छताला टांगलेलं गजराचं घड्याळ. थोडं अजून झोपू म्हणून बटण दाबलं की ते वर सरकायचं. शेवटी उठावंच लागायचं.

गंमत बाजूला ठेवून संशोधकाच्या नजरेने याकडे पाहा. ही बोर्डाची चाचणी होती, आणि त्यात मोजलं जात होतं ते ज्याला इलेक्ट्रॉनिक्स येत नाही त्याच्या हातून बोर्ड पुरा होतो की नाही हे. आमच्या लॅबमध्ये उलटा ट्रान्झिस्टर बसवणारी ज्युनियर अगदी हेच काम करत होती. फक्त तेव्हा मला ते कळलं नव्हतं. मला वाटलं, हिचं चुकलं.

एका बाजूचा बोर्ड

आर्डुइनोची आखणी सर्वांसाठी खुली होती. कुणीही ती घेऊन बदलू शकत होतं, आणि हौशी लोकांनी बदललीही. माझ्यासाठी सगळ्यात उद्बोधक ठरला तो 'सिंगल-साइडेड सीरियल' हा प्रकार, आणि त्याची ब्राझीलमधल्या एका हौशी माणसाने सुधारलेली तिसरी आवृत्ती. तिला 'सेव्हेरिनो' म्हणतात.

त्याची गरज का पडली हे समजायला घरी पीसीबी कसा करतात ते आठवा. ज्यांनी डिप्लोमाला किंवा बी.एस्सी.च्या प्रोजेक्टला केलाय त्यांच्या बोटांवरचे पिवळे डाग आठवतील! ग्लॉसी कागदावर लेझर प्रिंट काढायची, कॉपर क्लॅडवर ठेवून इस्त्री फिरवायची, टोनर तांब्याला चिकटला की बोर्ड फेरिक क्लोराइडमध्ये सोडायचा. उघडं तांबं विरघळतं, टोनरखालचं राहतं. मग टोनर ॲसिटोनने पुसून भोकं पाडायची.

या पद्धतीत दोन बाजूंचा बोर्ड म्हणजे डोकेदुखी. दोन्हीकडची चित्रं एकमेकांवर नेमकी बसवावी लागतात. कारखान्यात भोकांच्या आतून तांब्याचा थर चढवतात आणि वरचा ट्रॅक खालच्याला जोडतात. घरी ते जमत नाही, म्हणून प्रत्येक ठिकाणी वायर आरपार घालून दोन्ही बाजूंनी सोल्डर करावं लागतं. (माझ्या सिनिअरच्या बोर्डावरच्या त्या बारीक वायरी!) सगळे ट्रॅक एकाच बाजूला आणले की हा प्रश्नच मिटतो. बदल्यात जिथे दोन ट्रॅक एकमेकांना छेदतात तिथे वरून जम्पर वायर टाकावी लागते. हातातलं ड्रिल जरा सरकतंच, म्हणून पॅड मोठे हवेत. इस्त्रीखाली टोनर पसरतो, म्हणून ट्रॅक जाड आणि त्यांच्यात मोकळी जागा हवी.

दुसरी अडचण यूएसबीची. आर्डुइनोच्या पुढच्या आवृत्त्या यूएसबीवर गेल्या. वापरणाऱ्यांना ते सोयीचं होतं, पण घरी जोडणाऱ्यांना जड गेलं. २००६च्या 'एनजी' बोर्डावरच्या यूएसबी चिपचे पाय ०.६५ मिलिमीटर अंतरावर होते. घरच्या एचिंगला आणि साध्या आयर्नला हे झेपणं कठीण. म्हणून घरगुती आवृत्तीने जुनं सीरियल पोर्टच धरून ठेवलं. ते साध्या ट्रान्झिस्टरांवर भागत होतं. म्हणजे त्याच वर्षांत एकाच बोर्डाच्या दोन वाटा झाल्या. एक वापरायला सोपी होत गेली आणि दुसरी बनवायला. 'सोपं' हा शब्द तुमच्या थीसिसमध्ये आला तर लगेच पुढे लिहा, कुणासाठी?

सेव्हेरिनोत आणखी काय होतं? पार्ट सगळे भोकांतून बसणारे. माहिती येताना आणि जाताना लुकलुकणारे दोन एलईडी. १३ नंबरच्या पिनवर बोर्डावरच बसवलेला एलईडी, म्हणजे जोडणी संपताच एक छोटा प्रोग्रॅम टाकून बोर्ड जिवंत आहे का ते कळतं. आपोआप रिसेट होण्याची सोय, आणि ती बंद करायला एक जम्पर. हा जम्पर मला फार आवडतो. रात्रभर मोजमाप चालू आहे आणि सकाळी तुम्ही कॉम्प्युटरवरून बोर्डाशी संपर्क उघडलात, की आपोआप रिसेटमुळे बोर्ड पहिल्यापासून सुरू होतो. असं एकदा भोगलेल्या माणसालाच हा जम्पर सुचत असणार असं मला वाटतं. या आवृत्तीची स्वतंत्र माहितीपुस्तिकाही आहे, आणि तिच्यात जोडणी पायरीपायरीने समजावली आहे.

सुधारली नाही ती चूक

आता एक विचित्र गोष्ट. आर्डुइनोच्या कडेला पिनांच्या रांगा असतात. पिनांमधलं अंतर ०.१ इंच. पण ७ आणि ८ या पिनांमध्ये ते ०.१६ इंच आहे. आखताना चूक झाली आणि ती लक्षात येईपर्यंत बोर्ड बाहेर गेले होते. त्यावर बसणारे जोडबोर्ड, म्हणजे 'शील्ड', लोकांनी त्याच मापाने बनवले होते. चूक सुधारली असती तर जुनं सगळं निरुपयोगी झालं असतं. म्हणून ती ठेवली. पुढे २०१०मध्ये आलेल्या 'उनो'वरही ती आहे. नेहमीच्या भोकांच्या बोर्डावर घरी शील्ड करायला घेतलंत, की एक रांग बसते आणि दुसरी बसत नाही. कारण हेच.

सेव्हेरिनोने बोर्ड नव्याने आखला, तरी हे अंतर जपलं. शील्ड बसली पाहिजेत ना! म्हणजे सुधारणा करणाऱ्याला काय बदलायचं यासोबत काय बदलायचं नाही हेही ठरवावं लागतं. इतरांचं काम ज्यावर उभं आहे ते, चुकीचं असलं तरी, एकदम काढून घेता येत नाही. मी माझ्या तिसऱ्या आवृत्तीत कनेक्टरची जागा बदलणार होते. मग लक्षात आलं की लॅबमधल्या चारही भट्ट्यांच्या केबल त्याच मापाच्या आहेत. राहू दिली.

आवृत्त्या कशा वाचायच्या

इथे तुमच्या कामाची गोष्ट येते. बोर्डाच्या आवृत्त्या एका ओळीत ठेवल्या की त्या ऐतिहासिक साधन बनतात. सुरुवातीच्या आर्डुइनोंवर १३ नंबरच्या पिनला फक्त रेझिस्टर होता, एलईडी स्वतः खोचावा लागे. नंतर तो बोर्डावरच आला. आधी प्रोग्रॅम टाकताना रिसेटचं बटण वेळ साधून दाबावं लागे. २००७च्या 'दिएचिमिला'त ते काम कॉम्प्युटर करू लागला. दिएचिमिला म्हणजे इटालियनमध्ये दहा हजार. तेवढे बोर्ड झाल्याची ती खूण. आधी वीज यूएसबीतून घ्यायची की बाहेरून हे जम्पर हलवून ठरवावं लागे. त्यानंतरच्या 'दुएमिलानोव्हे'त बोर्ड ते स्वतः ठरवू लागला.

या प्रत्येक बदलामागे कुणाची तरी फसगत आहे. कुणाचं बटण उशिरा दाबलं गेलं, कुणी जम्पर विसरलं. त्या माणसांची नावं कुठे नोंदलेली नाहीत. त्यांच्या अडचणी मात्र बोर्डावर तांब्यात उरल्या आहेत. जुनं उपकरण समोर आलं की विचारा : आधीच्या आवृत्तीत हे का नव्हतं? कुणाचं काय अडलं होतं?

श्रेयाचा प्रश्न

आणि हा प्रश्न टाळून चालणार नाही. आर्डुइनोचं नाव जगभर झालं तेव्हा त्याच्या पायाशी असलेलं 'वायरिंग' मागे पडलं. बारागान यांनी २०१६मध्ये आपली बाजू सविस्तर लिहून मांडली. आपल्या प्रबंधातल्या कामाला पुरेसं श्रेय मिळालं नाही अशी त्यांची तक्रार होती. आर्डुइनोच्या गटानेही त्या पायावर मोठं काम केलं, हेही तितकंच खरं. खुल्या कामात दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात. परवाना तुम्हाला दुसऱ्याचं काम वापरायची मोकळीक देतो. ते कुणाचं होतं हे सांगायची जबाबदारी काही संपत नाही.

हे वाचल्यावर मला माझ्या सिनिअरचं ते एक वाक्य वेगळं दिसू लागलं. मी त्याच्यावर चिडले होते, की याने काहीच लिहून ठेवलं नाही. पण त्याने तरी का लिहावं? त्यालाही कुणीतरी विचारलं असेलच, यात नवीन काय? जे काम मोजलं जात नाही त्याची नोंद कोण ठेवणार?

तर सेमिनारमधल्या प्रश्नाला माझं उत्तर असं. माझ्या बोर्डात नवीन सर्किट नाही. पण तीन आवृत्त्यांत काय चुकलं, कुणाच्या हातून चुकलं, का चुकलं आणि काय बदलल्यावर ती चूक थांबली, हे माझ्याकडे तारखांसह आहे. याच बोर्डाने मोजलेलं तापमान माझ्या प्रत्येक आलेखाच्या खाली आहे. तो बोर्ड दुसऱ्याला बनवता येत नसेल तर माझा प्रयोगही पुन्हा करून पाहता येणार नाही. आणि मग निष्कर्ष नवीन असून उपयोग काय? हे मी पुढच्या सेमिनारमध्ये मांडणार आहे. सर्वांना पटेल याची खात्री नाही. माझ्या गाइडनी सध्या थीसिसमध्ये परिशिष्ट जोडायला होकार दिला आहे. तिन्ही आवृत्त्यांचे नकाशे, पार्टची यादी, जोडणीचा क्रम, आणि ज्युनियरचं नाव. आभारांच्या पानावर नाही, बोर्ड तपासणारी म्हणून.

तुमच्यासाठी एक काम. तुमच्या विभागात असा एखादा 'प्रयोगशाळेत तयार केलेला' डबा नक्की असेल. तो चालू आहे तोवरच उघडा. बोर्डाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा, पार्टच्या किमती लिहून घ्या, आणि ज्याने बनवला त्याला फोन करा. पहिला प्रश्न विचारा, पहिल्यांदा जोडताना काय बिघडलं होतं? आमच्या सिनिअरला मी हे परवा विचारलं. तो तासभर बोलला.